जेवणघराच्या भिंती: पांढऱ्या मातीपासून डब्यातल्या रंगापर्यंत



भिंतीचा रंग आधी ठरवायचा की टेबल आधी घ्यायचं, हा प्रश्न आपल्या आजेसासूबाईंना पडण्याचं कारणच नव्हतं. त्यांच्याकडे टेबल नव्हतं आणि रंगात निवडही नव्हती. भिंत पांढरी, खालचा पट्टा गेरूचा, विषय संपला. आपल्याकडे मात्र आता टेबल आहे, खुर्च्या आहेत, सासूबाईंची पितळेची भांडी लावलेली लाकडी मांडणी आहे, खाली शहाबादी फरशी आहे, कोपऱ्यात कडप्प्याचा ओटा आहे. यातलं काहीच टाकून द्यायचं नाही आणि भिंत मात्र रंगवायची आहे. आमच्या तलवाड्याच्या घरात यंदा नेमका हाच पेच आहे. मुलाला एक भिंत गडद हिरवी हवी आहे, सुनेला राखाडी, आणि ह्यांचं म्हणणं असं की पूर्वी होता तोच पिवळा द्या. रंगाऱ्याने कार्डांची जाडजूड चळत आणून ठेवली आहे. ती उलटताना मला वाटलं, आपल्याकडच्या भिंतींचा गेल्या शंभरएक वर्षांचा हिशेब आधी मांडावा, मग बोट ठेवावं.

सुरुवात मातीपासूनच करावी लागते. आपल्या मराठवाड्यात गावाला 'पांढरी' म्हणतात आणि शेतीला 'काळी'. काळी म्हणजे कपाशी-ज्वारीची काळी कसदार जमीन. पांढरी म्हणजे जिथे माणसं पिढ्यान्‌पिढ्या राहिली, चुली पेटल्या, राख पडली, घरं पडली आणि पुन्हा उभी राहिली, ती गावठाणाची फिकट माती. हीच माती भिंतींना लिंपायला आणि माळवदावर पसरायला वापरत. माळवद म्हणजे लाकडी तुळया, त्यावर फळ्या किंवा काटक्या, आणि वर हातभर मातीचा थर. उन्हाळ्यात खाली गार वाटायचं ते त्या थरामुळे. तलवाडा हे गेवराई तालुक्यातलं त्वरितादेवीचं गाव. इथल्या आणि आजूबाजूच्या जुन्या घरांत अजून एखादी अशी भिंत उभी दिसते, दोन-अडीच फूट जाडीची, आत कोनाडे आणि देवळ्या असलेली.

त्या जाड भिंतींत खिडक्या फार कमी असत. चोरांचं भय होतं, उन्हाचं होतं. बीड जिल्हा १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता, आणि शेवटच्या दीड-दोन वर्षांत रझाकारांच्या धास्तीने दारं दिवसाही लावलेली असत, असं आमच्या घरातली म्हातारी माणसं सांगत. माजघरात उजेड यायचा तो दारातून किंवा छतातल्या झरोक्यातून. आता विचार करा: अशा अंधाऱ्या खोलीत बसून सूर्य मावळायच्या आत जेवायचं, तेही ताटात काय आहे ते नीट पाहून. मग भिंत पांढरी ठेवल्यावाचून गत्यंतरच नाही. झरोक्यातून आलेला एवढासा कवडसा पांढऱ्या भिंतीवर पडून खोलीभर पसरतो. गडद भिंत तोच उजेड गिळून टाकते.

आपल्याकडे ही गोष्ट नुसत्या सोयीची नाही. तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात अहिंसाव्रताच्या ज्या पाच भावना सांगितल्या आहेत, त्यांतली शेवटची आहे 'आलोकितपानभोजन', म्हणजे उजेडात पाहून खाणं-पिणं. रात्रिभोजन त्याग आपण सगळ्या जणी ऐकत आलो, पण वाक्याचा भर कुठे आहे ते बघा. घड्याळावर नाही, दिसण्यावर आहे. आणि दिगंबर मुनिमहाराज आहार घेतात ते दिवसातून एकदाच, उभ्याने, स्वतःच्या ओंजळीत. प्रत्येक घास ओंजळीत शोधूनच घेतात. चौका ज्या खोलीत लागतो, तिच्या भिंतीचा रंग त्या ओंजळीवर पडतो. लखलखीत दुपारीसुद्धा हिरव्या भिंतीजवळ उभं राहून हाताचा तळवा बघा. मला काय म्हणायचंय ते कळेल.

आता थोडं मागे जाऊ. मराठवाड्यातली आपल्या धर्माची रंगवलेली भिंत बघायची तर वेरूळला जायचं. ३० ते ३४ या क्रमांकांच्या लेण्या जैन आहेत, आणि ३२व्या, म्हणजे इंद्रसभेच्या छतावर अजून रंग शिल्लक आहे. दगडावर आधी मातीचा गिलावा, त्यावर चुन्याचा पातळ हात आणि मग रंग, अशी ती रीत. वेरूळच्याच १२व्या क्रमांकाच्या बौद्ध लेण्यातल्या गिलाव्यात भांगेच्या झाडाचे तुकडे मिसळलेले आहेत, असं २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दाखवलं गेलं. अजिंठ्याच्या चित्रांचं किड्यांनी बरंच नुकसान केलं, वेरूळच्या गिलाव्याचं तेवढं केलं नाही, याचं एक कारण ते संशोधक ही भांग असल्याचं मानतात. किडे मारायचे नाहीत, त्यांना तिथे यावंसंच वाटू नये अशी भिंत करायची. ही युक्ती मला फार आवडली. आपण डाळीच्या डब्यात कडुनिंबाचा पाला ठेवतो, त्यातलाच प्रकार.

आपल्या घरांत मात्र चुन्याचं राज्य होतं. काळ्या रानात पांढरे खडे सापडतात ती चुनखडी. ती भट्टीत भाजली की कळीचा चुना होतो, आणि कळीवर पाणी घातलं की खदखदून उकळी फुटते. लहानपणी आम्हाला त्या पिंपाजवळ फिरकू देत नसत, डोळ्यांत उडाला तर डोळा जायचा. चुना थंड झाला की फडक्यातून गाळायचा, थोडा डिंक, मूठभर मीठ, आणि कुंच्याने भिंतीवर. भिंतीवर गेल्यावर तो हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन पुन्हा दगड होतो, म्हणजे मूळच्या चुनखडीकडे परत जातो. ओला असताना तो इतका तिखट असतो की बुरशी धरत नाही. दरवर्षी दिवाळीआधी हे काम निघायचं, पाऊस संपलेला, भिंती वाळलेल्या, चातुर्मास सरत आलेला आणि महावीरनिर्वाणाचा दिवस जवळ. पावसाळ्यात ओल्या भिंतीवर किती जीव असतात हे ज्यांना माहीत होतं, त्यांनी हा महिना उगाच निवडला नव्हता.

चुन्याच्या बादलीत शेवटी चिमूटभर नीळ पडायची. चुन्याचा पांढरा थोडा पिवळसर असतो, निळीने तो पिवळेपणा डोळ्यांना जाणवेनासा होतो. पण या 'नीळ' शब्दात दोन वेगळ्या वस्तू आहेत आणि त्यांची सरमिसळ होते. जुनी नीळ म्हणजे झाडाच्या पाल्यापासून हौदात कुजवून काढलेला रंग. त्या कुजण्यात असंख्य जीवांची उत्पत्ती आणि नाश होतो. १२व्या शतकात आचार्य हेमचंद्रांनी 'योगशास्त्रा'त श्रावकाने टाळायचे पंधरा धंदे सांगितले, त्यांत लाखेच्या व्यापाराबरोबर मनःशिळा आणि नीळ यांचाही व्यापार घातला आहे. ते श्वेतांबर परंपरेतले, गुजरातचे. पण रंगाच्या डब्यात काय आहे हे विचारणारी बाई आपल्यात नवी नाही, हे यावरून दिसतं. बादलीत पडणारी पुडीची नीळ मात्र ही नव्हे. ती अल्ट्रामरीन. पूर्वी ती अफगाणिस्तानातल्या बदख्शानच्या लाजवर्द दगडापासून करत. अजिंठ्याच्या चित्रांतला निळा तोच. फ्रान्समधल्या गिमे नावाच्या माणसाने १८२८ साली तीच पांढरी चिकणमाती, सोडा आणि गंधक भाजून तयार करायची रीत सिद्ध केली, आणि राजेरजवाड्यांचा रंग पुडीत आला. यात कुठलाच प्राणी नाही.

सगळ्याच रंगांचं असं नाही, म्हणून हे लांबवते आहे. बर्लिनमध्ये १८व्या शतकाच्या सुरुवातीला जो गडद 'प्रशियन' निळा सापडला, तो जनावरांच्या रक्तापासून केलेल्या तेलाने दूषित झालेल्या क्षारामुळे, आणि पुढे बराच काळ तो रक्त वापरूनच करत. काळ्या रंगासाठी हाडं जाळत. लाखेचा तांबडा किड्यांचा. बिहारमध्ये मुंगेरजवळ गायींना नुसता आंब्याचा पाला खाऊ घालून त्यांच्या मूत्रापासून पिवळा रंग करत असल्याचं वर्णन त्रैलोक्यनाथ मुखर्जी यांनी १८८३ साली लंडनच्या एका नियतकालिकाला लिहून पाठवलं होतं. त्या गायींची काय दशा होत असेल ते सांगायला नको. आपल्या दुकानातली पिवडी म्हणजे साधी पिवळी माती, तशीच काव आणि गेरूही. आजेसासूबाईंच्या गेरूच्या पट्ट्यात लोखंडाच्या गंजाशिवाय काही नव्हतं. त्यांना हे माहीत होतं की नाही कोण जाणे, पण त्यांची भिंत आपल्यापेक्षा निर्दोष होती.

मग आलं डिस्टेंपर. खडूची पूड, रंग, आणि ती भिंतीला धरून ठेवायला सरस. सुतार वापरतात तोच, हाडं आणि कातडी उकळून केलेला. पाण्यात कालवायच्या कोरड्या डिस्टेंपरमध्ये हा सरस असायचा, आणि आपल्या कितीतरी घरांनी तो देवघरालाही लावला, कारण पुडक्यावर लिहिलेलं नसायचं आणि विचारायचं सुचत नव्हतं. नंतरच्या तेलमिश्रित डिस्टेंपरमध्ये दुधातलं केसीन आलं. आताच्या प्लास्टिक इमल्शनमध्ये धरून ठेवण्याचं काम कारखान्यात तयार झालेलं ॲक्रिलिक करतं, ते प्राण्यापासून नाही. या एका बाबतीत नवा डबा जुन्या पुडक्यापेक्षा मला बरा वाटतो.

डब्यांचा इतिहासही आपल्या जवळचा आहे. भारतातला रंगाचा जुना कारखाना म्हणजे १९०२ सालचा हावड्याचा शालिमार. १९४२ साली महायुद्धामुळे परदेशी रंगाची आयात थांबली, तेव्हा मुंबईत गिरगावातल्या एका गॅरेजमध्ये चार मित्रांनी एशियन पेंट्स सुरू केली. चंपकलाल चोकसी, चिमणलाल चोकसी, सूर्यकांत दाणी आणि अरविंद वकील. कुंचला हातात घेतलेला तो केसाळ पोरगा गट्टू १९५४ साली आर. के. लक्ष्मण यांनी काढला. खेड्यापाड्यांत ऑइल पेंट पहिल्यांदा आला तो घरासाठी नव्हे, पोळ्याला बैलांची शिंगं रंगवायला. लहान डबी आणायची, शिंगं रंगवायची, आणि उरलेला रंग दाराला, कपाटाला, मांडणीला. आमच्या मांडणीचा पिवळा रंग असाच आलेला आहे.

त्या पिवळ्यापाशी जरा थांबते. आमच्या घरात नुकतं रांगायला लागलेलं बाळ आहे आणि खरी काळजी मला भिंतीपेक्षा याची होती. जुन्या ऑइल पेंटमधला झगझगीत पिवळा बहुतेक वेळा शिशाच्या क्रोमेटचा असायचा. नारिंगी, काही हिरवे आणि लालही तसेच. रंग शाबूत आहे तोवर तो गप्प असतो. त्याचे पापुद्रे निघू लागले किंवा पॉलिशपेपर मारला, की शिशाची धूळ उडते, फरशीवर बसते आणि रांगणाऱ्या लेकराच्या हातातून तोंडात जाते. लहान मुलांच्या मेंदूवर शिसं परिणाम करतं आणि त्याची निर्धोक अशी कुठली पातळी नाही. आपल्याकडे घरगुती रंगांत शिशाचं प्रमाण दहा लाखांत ९० भागांवर आणणारे नियम २०१६ साली झाले आणि ते १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाले. म्हणजे त्याआधी रंगवलेल्या कुठल्याही पिवळ्या दारावर संशय घ्यायला जागा आहे. रंगारी आला की आधी कोरडा पॉलिशपेपर घासायला लागतो. त्याला थांबवा. घासायचंच असेल तर पाणी मारून ओलं घासायचं, धूळ झाडूने न झाडता ओल्या फडक्याने टिपायची, ते फडकं फेकून द्यायचं, आणि लेकरं व गरोदर बाई तेवढे दिवस दुसऱ्या घरी. रंग घट्ट असेल तर न घासता वरून नवा हात देऊन तो बंद करणं सगळ्यांत बरं. आमची मांडणी आम्ही तशीच बंद केली आहे. टाकून द्यायचा विचार घरात निघाला होता, पण सागाची आहे, चार पिढ्यांची भांडी तिने अंगावर घेतली आहेत, आणि दोष तिचा नाही.

चुन्याचं राज्य आपल्या भागात संपलं ते कशामुळे, असं मला कुणी विचारलं तर मी ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट सांगेन. किल्लारीचा भूकंप लातूर-उस्मानाबादचा, पण हादरा सबंध मराठवाड्याने घेतला. हजारो माणसं गेली ती दगड-मातीच्या जाड भिंती आणि डोक्यावरचं मातीचं माळवद अंगावर येऊन. ज्या थराने उन्हाळ्यात गारवा दिला, त्यानेच झोपेत गाडलं. त्यानंतर ज्याला जमेल त्याने माळवद उतरवून स्लॅब टाकला. गिलावा सिमेंटचा झाला, खिडक्या मोठ्या झाल्या, ट्यूब आधीच आलेली होती, आणि पांढरीची गरजच राहिली नाही. १९९०नंतर दुकानांत रंग मिसळून देणारी यंत्रं आली आणि भिंत हवी त्या रंगाची करता येऊ लागली. डायनिंग टेबलही याच सुमारास घरोघर आलं, म्हणजे निदान आमच्याकडे तरी. सासूबाई टेबलाशी बसून जेवल्या नाहीत शेवटपर्यंत. त्यांचा पाट भिंतीशी वेगळा मांडावा लागे. पण टेबलावर डाळ निवडायला त्यांना आवडायचं, पाठ अवघडत नाही म्हणून.

आता आहे त्या सामानाभोवती रंग कसा बसवायचा? या प्रश्नाचा शहाणा माणूस मला पॅरिसमध्ये सापडला. शेवरोल त्याचं नाव. १८२४ साली गोबेलँ या गालिचे विणणाऱ्या सरकारी कारखान्यात तो रंगाईचा प्रमुख झाला. तक्रार होती की तिथला काळा धागा फिका पडतो. त्याने तपासलं तर धाग्यात काहीच खोट नव्हती. शेजारी निळे-जांभळे धागे विणल्यामुळे काळा फिका दिसत होता. यावरून त्याने १८३९ साली मोठा ग्रंथ लिहिला. सार इतकंच, की शेजारी ठेवलेले दोन रंग एकमेकांना आपापल्या उलट दिशेला ढकलतात. पैठणीचा काठ निवडणाऱ्या बाईला हे शिकवावं लागत नाही. पण भिंतीच्या बाबतीत आपण ते विसरतो. सागाचं लाकूड म्हणजे मुळात मंद नारिंगी. त्यामागे निळसर राखाडी भिंत दिली की साग भडक नारिंगी दिसतो आणि भिंत आणखी थंड. पितळेचंही तेच. शहाबादी फरशी स्वतःच निळसर राखाडी आहे, ती येते तो शहाबादही त्या काळी निजामाच्याच राज्यात होता, म्हणून आपल्या घरोघर ती पडली. खाली राखाडी, भोवती राखाडी, तर टेबल बिचारं पाण्यात तरंगतं आहे असं दिसणार. सुनेला मी कार्ड फरशीवर ठेवून दाखवलं. ती हसली आणि राखाडी आपोआप बाद झाला.

गडद हिरव्याचं प्रकरण एवढं सोपं नव्हतं, कारण सागामागे तो खरोखर छान दिसतो. मुलाचं म्हणणं चूक नव्हतं. पण आपण जेवतो केव्हा? संध्याकाळी, सूर्य मावळायच्या आत, उजेड उतरत असताना. पुर्किन्ये नावाच्या एका चेक शास्त्रज्ञाने १९व्या शतकात ही गोष्ट नोंदवली, की उजेड मंद झाला की डोळ्यांना तांबडे रंग आधी काळवंडलेले दिसतात, हिरवे-निळे उजळ राहतात. बागेतली लाल जास्वंद तिन्हीसांजेला काळी दिसते आणि पानं दिसत राहतात, ते याचमुळे. म्हणजे हिरव्या भिंतीपुढे संध्याकाळी साग आणि पितळ दोन्ही विझणार. त्यात गडद भिंत उजेड खाणार, म्हणून साडेपाचलाच ट्यूब लावावी लागणार. आणि तो हिरवा टेबलावरच्या पांढऱ्या भातावर उतरणार. ट्यूब लावून दिवसाउजेडी जेवण झालं असं म्हणायचं तर म्हणा. माझं मन घेत नाही.

ह्यांचा पिवळा राहिला. पिवळ्या भिंतीत घर हसतं हे खरं. पण तूरडाळ किंवा रवा निवडताना फिकट अळी पिवळ्या उजेडात हरवते, हे मी कित्येक वर्षं त्या भिंतीशी बसून पाहिलेलं आहे. एका ताटात मूठभर रवा घेऊन पिवळ्या कार्डाजवळ आणि मग पांढऱ्या कार्डाजवळ धरला, तेव्हा तेही गप्प झाले.

मधेच एक सांगते, कारण कुणीतरी विचारेलच. लेश्यांचा आणि भिंतीच्या रंगाचा संबंध जोडू नका. कृष्ण, नील, कापोत, पीत, पद्म, शुक्ल या आपल्या भावांच्या छटा आहेत, डब्याच्या नाहीत. काळी भिंत करून कुणी कृष्ण लेश्येत जात नाही आणि पांढरी करून शुक्ल होत नाही. तसं असतं तर चुन्याच्या भट्टीवाले कधीच मोक्षाला गेले असते. मात्र जांभळाच्या झाडाखाली आलेल्या त्या सहा भुकेल्यांचं चित्र जेवणघरात लावायला मला आवडेल. एकाला झाड मुळापासून तोडायचं आहे, एकाला खोड, एकाला फांदी, आणि सहावा खाली पडलेली जांभळं वेचून खातो. मंदिराच्या भिंतीवर आपण ते बघतो. खरं तर ते चित्र भुकेचंच आहे. (आणि राखाडीला आपल्या शास्त्रात कापोत म्हणतात, कबुतरी. सध्या सगळ्या शहरांना कापोतच हवा असतो, त्यावर मी काही बोलत नाही.)

शेवटी ठरलं ते असं. वरची भिंत सायीच्या रंगाची, म्हणजे पांढऱ्यात अगदी थोडी पिवडी आणि नखाएवढी काव. सागाला तो ढकलत नाही, फरशीला ऊब देतो, आणि ताटावर पडणारा उजेड जवळजवळ पांढराच राहतो. छत शुद्ध पांढरं, कारण खिडकीतून आलेला निम्मा उजेड तिथूनच परततो. आणि खाली, फरशीपासून दोन फुटांपर्यंत, आजेसासूबाईंच्या गेरूचा पट्टा. टेबलाची उंची अडीच फूट, म्हणजे पट्ट्याचा तांबूसपणा ताटापर्यंत चढत नाही, आणि चौक्यात महाराज उभे राहिले तर ओंजळ त्याहून खूप वर. खुर्च्यांच्या पाठी भिंतीला घासून पडणारे डाग आणि बाळाच्या हातांचे ठसेही त्यात लपतील, हा सुनेचा शोध. मुलाला हिरवा मिळाला तो व्हरांड्यात.

रंग ठरवताना कार्डावर जाऊ नका. दोन बाय दोन फुटांचा चौकोन भिंतीवरच लावून घ्या, एक खिडकीसमोर आणि एक खिडकीच्याच भिंतीवर, कारण तिथे नेहमी अंधारं असतं. सकाळी सातला, दुपारी आणि संध्याकाळी साडेपाचला, ट्यूब बंद ठेवून बघा. त्याच्यापुढे आपलं ताट धरा, भात, डाळ, एखादी कोथिंबिरीची काडी घालून. टेबलाचा खण काढून आणा आणि भिंतीला टेकवा. दुकानातल्या दिव्यात जुळलेला रंग घरच्या उन्हात वेगळा दिसतो, तेव्हा निवड घरातच करायची.

रंगाऱ्याला ब्रश कशाचा आहे तेही विचारा. जुने चांगले ब्रश डुकराच्या केसांचे असतात. नायलॉनचे मिळतात, आणि मोठ्या भिंतीला तर रोलरच बरा. भिंत घासायच्या आदल्या दिवशी कोळ्यांची जाळी आणि मुंग्यांच्या वाटा बघून घ्या, मऊ झाडणीने त्यांना बाहेर जाऊ द्या. काम उघडिपीचं असू द्या. शेणापासूनचा प्राकृतिक पेंट खादी ग्रामोद्योग आयोगाने १२ जानेवारी २०२१ रोजी बाजारात आणला, त्याबद्दल दोघीतिघींनी विचारलं होतं. तो डिस्टेंपर आणि इमल्शन अशा दोन्ही प्रकारांत येतो. सारवलेल्या भिंतींच्या गावाला शेण डब्यात भरून परत मिळावं याची मला गंमत वाटते, पण ज्या घरी चौका लागतो त्यांनी तो घेण्याआधी आपल्या महाराजांना किंवा माताजींना विचारून घ्यावं.

आमची खोली दहा बाय बाराची आहे. दोन हातांना सगळा मिळून सहा लिटरच्या आसपास रंग लागेल असं रंगारी म्हणतो, पट्ट्याचा गेरू वेगळा. गेरू मात्र डब्यातला नको, खडाच आणून भिजवायचा, असं मी त्याला सांगितलं आहे. त्यात थोडा डिंक घातला की हाताला लागत नाही. दसरा झाला की तो येतो आहे.